खिडकीचे स्थलांतर

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकच्या पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे नामावळीची बाडे असतात. यजमान आला की उपाध्ये आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग आजोबा-पणजोबांपैकी कोणाचे नाव ठाऊक आहे ते. आणि कपाटभर बाडांतून नेमके एक काढून नेमके पान उघडतात. घराण्यातले कोणी पूर्वी येऊन गेल्याची नोंद तिथे असते, पुष्कळदा त्याच माणसाच्या हस्ताक्षरात. या व्यवस्थेत तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली म्हणजे नोंदी. दुसरी म्हणजे त्या कोणत्या क्रमाने लावल्या आहेत ती रीत. आणि तिसरी म्हणजे ती रीत माहीत असलेला आणि आपल्यासाठी बाड उघडणारा माणूस. बाडे सुरक्षित राहिली पण रीत विसरली गेली, तर नोंद असूनही नसल्यासारखीच होईल.

संगणकावरचा डेटाबेस याहून फारसा निराळा नाही. त्यातही नोंदी असतात, त्यांचा क्रम सांभाळणारी यंत्रणा असते, आणि सामान्य माणसाला त्या दाखवणारी एक खिडकी असते. ही खिडकी म्हणजेच डेटाबेस हाताळण्याचे चित्ररूप साधन: डाव्या बाजूला तक्त्यांची झाडासारखी यादी, उजव्या बाजूला ओळी आणि रकाने, वर बटणे. ज्याला एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा येते त्याला या खिडकीची गरज नाही. तो काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करतो. पण वाचनालयातली लेखनिक, पतसंस्थेचा व्यवस्थापक, शाळेतला कारकून यांच्या दृष्टीने खिडकी हाच डेटाबेस. खिडकी बंद पडली की त्यांचा डेटाबेस गेला.

हा विषय आताच लिहावासा वाटला याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ही मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवण्याची तारीख ठरवली. काही अटींवर मुदतवाढ मिळते, पण ती मर्यादित काळाचीच. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या बऱ्याच संगणकांना त्यामुळे अधिकृतपणे विंडोज ११ घेता येत नाही. नाशिकमधल्या छोट्या संस्थांत असे संगणक पुष्कळ आहेत. यंत्र चालते आहे, नवे घ्यायला पैसा नाही, तेव्हा लिनक्स टाकावे का, असा प्रश्न मला या वर्षी जितक्या वेळा विचारला गेला तितका पूर्वी कधी विचारला गेला नव्हता. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: आमची यादी तिथे उघडेल का?

उघडेल. पण का उघडेल, आणि उघडल्यावर काय तपासायचे, हे समजून घ्यायला एका साधनाचा इतिहास उपयोगी पडतो. त्या साधनाचे नाव पीजीॲडमिन. त्याच्या आजच्या आवृत्तीच्या घडणीत पुण्याचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नसते.

उलटी सुरुवात

पीजीॲडमिन ही पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची खिडकी. पोस्टग्रेसचा जन्म १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पात झाला. १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक आणि कंपन्या मिळून तो सांभाळतात. तो वाढला युनिक्सच्या घरात. विंडोजवर तो मूळ रूपात चालू लागला तो २००५ च्या जानेवारीत, ८.० या आवृत्तीपासून. तोवर विंडोजवर चालवायचा तर युनिक्सचे वातावरण उभे करणारा मधला थर घालावा लागे.

त्याची खिडकी मात्र अगदी उलट दिशेने आली. १९९८ च्या वसंतात ब्रिटनमधल्या डेव्ह पेज यांनी पीजीमॅनेजर नावाचा एक नमुना तयार केला. पुढच्या काही महिन्यांत त्याचेच पीजीॲडमिन झाले. १६ जानेवारी २००२ रोजी पीजीॲडमिन २ आले, पूर्ण नव्याने लिहिलेले. या दोन्ही आवृत्त्या व्हिज्युअल बेसिकमध्ये होत्या, आणि व्हिज्युअल बेसिक म्हणजे फक्त विंडोज. म्हणजे डेटाबेस युनिक्सच्या यंत्रावर आणि तो पाहायचा तर शेजारी विंडोजचे यंत्र! त्या काळी हे कोणाला फार खटकले नसावे. सर्व्हर आतल्या खोलीत, आणि टेबलावर सगळीकडे विंडोज, अशीच मांडणी असे.

ही मांडणी चालू शकत होती याचे कारण पोस्टग्रेसच्या रचनेत आहे. डेटाबेस आणि खिडकी एकाच यंत्रावर असण्याची गरज नसते. दोघे जाळ्यावरून ठरलेल्या नियमांनी बोलतात, आणि संख्या कोणत्या क्रमाने बाइटमध्ये पाठवायच्या हेसुद्धा त्या नियमांत ठरलेले असते. एका टोकाचे यंत्र कोणत्या जातीचे आहे याच्याशी दुसऱ्या टोकाला देणेघेणे नाही. त्यामुळे नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जाताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आपल्याला काय हलवायचे आहे, यादी की खिडकी? दोन्ही कामे स्वतंत्र आहेत. एकाच वेळी दोन्ही केली तर बिघाड कुठे झाला हे कळत नाही. म्हणून मी नेहमी आधी खिडकी हलवायला सांगतो. यादी जुन्याच यंत्रावर राहू द्यावी, नव्या लिनक्सच्या यंत्रावरून ती उघडून महिनाभर काम करावे, आणि मग यादीला हात लावावा.

पोर्ट करणे म्हणजे काय

एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर नेणे याला पोर्ट करणे म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की फाइल उचलून तिकडे ठेवायची. प्रत्यक्षात प्रोग्राम हा भाडेकरूसारखा असतो. पाणी, वीज, दार, जिना या सगळ्यांसाठी तो घरमालकावर अवलंबून असतो. फाइल उघडायची, पडद्यावर चौकोन काढायचा, कळ दाबली गेली का ते पाहायचे, घड्याळ वाचायचे, या प्रत्येक कामासाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. घर बदलले की हाक मारायची पद्धत बदलते.

फरक क्षुल्लक वाटतात. विंडोजमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना डावीकडे झुकलेली रेघ असते, युनिक्सच्या कुळात उजवीकडे झुकलेली. विंडोजला फाइलच्या नावातल्या मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत फरक दिसत नाही. लिनक्सला दिसतो, त्यामुळे एका जागी मोठे अक्षर आणि दुसऱ्या जागी लहान असले की फाइल सापडत नाही. विंडोजमधला प्रोग्राम आपल्या आवडीनिवडी रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती वहीत टिपतो. लिनक्समध्ये तशी वही नाही, प्रत्येकाने घरच्या फोल्डरमध्ये आपापली चिठ्ठी ठेवायची. सी भाषेतला लाँग हा संख्येचा प्रकार ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा. एखाद्याने इकडे लाँगमध्ये मावणारी संख्या गृहीत धरली असेल, तर तिकडे ती कापली जाते, आणि कापली गेल्याचे कोणी सांगत नाही.

या सगळ्यांत अवघड भाग खिडकीचाच. बटण कसे दिसावे, यादी कशी सरकावी, अक्षरे कोणी जोडावीत हे प्रत्येक सिस्टीमचे आपापले असते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, प्रत्येक सिस्टीमसाठी खिडकी वेगळी लिहायची. याला मनुष्यबळ लागते, आणि कमी वापराच्या सिस्टीमच्या वाट्याला ते कधीच येत नाही. दुसरा, मध्ये दुभाषा ठेवायचा. प्रोग्रामने दुभाष्याला सांगायचे की मला बटण हवे, आणि दुभाष्याने त्या त्या घरच्या भाषेत ते मागायचे.

पीजीॲडमिनच्या तिसऱ्या आवृत्तीने दुसरा उपाय निवडला. २००३ मध्ये ती आली, सी प्लस प्लस भाषेत पुन्हा पहिल्यापासून लिहिलेली. दुभाषा होता डब्ल्यूएक्सविजेट्स. एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये तो सुरू केला होता. त्याचे वैशिष्ट्य असे की तो स्वतः बटण रंगवत बसत नाही; विंडोजवर विंडोजचेच बटण मागतो, लिनक्सवर जीटीकेचे, मॅकवर मॅकचे. त्यामुळे प्रोग्राम जिथे जाईल तिथल्या रिवाजाप्रमाणे वागतो. पीजीॲडमिन ३ विंडोज आणि लिनक्सवरच नाही, तर मॅक, सोलारिस आणि फ्रीबीएसडीवरही चालले.

फ्रीबीएसडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे तिचे नाव अभियांत्रिकी महाविद्यालयांतही क्वचितच ऐकू येते. हीसुद्धा बर्कलीच्याच युनिक्सची वंशज. म्हणजे पोस्टग्रेसचीच गाववाली. टेबलावरच्या संगणकांत ती अगदी विरळ. तरीही तिच्याकडे पोर्ट्स नावाचा एक संग्रह १९९४ पासून आहे, आणि पोर्टिंग म्हणजे नेमके काय ते पाहायचे तर त्याच्यासारखी दुसरी शाळा नाही. त्यात मूळ प्रोग्राम ठेवलेला नसतो. तो कुठून आणायचा, त्याला कोणकोणती ठिगळे लावायची, कशाच्या आधारावर बांधायचा, एवढी कृती तिथे असते. मी पीजीॲडमिन ३ ची अशी कृती वाचली आहे. ठिगळे मोजकी आणि दोन-चार ओळींची होती. अवघड काम दुभाष्याने आधीच करून ठेवले होते. चांगले पोर्टिंग हे असे दिसते: करण्यासारखे थोडेच उरलेले.

पुणे

दुभाष्यावर विसंबण्याची किंमत पुढे कळली. दहा-बारा वर्षांत सी प्लस प्लसचा तो डोलारा जुना झाला, नव्या सहभागी लोकांना त्यात शिरणे जड जाऊ लागले, डब्ल्यूएक्सच्या आवृत्त्या बदलल्या. शिवाय लोकांचे डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर गेले होते आणि खिडकी ब्राउझरमध्ये उघडावी अशी अपेक्षा तयार झाली होती. तेव्हा चौथ्यांदा नव्याने लिहायचे ठरले. २०१६ च्या सप्टेंबरात पीजीॲडमिन ४ आले. आतले काम पायथन भाषेत, समोरचा पडदा जावास्क्रिप्टमध्ये.

ही चौथी आवृत्ती लिहिणाऱ्यांत पुण्यातल्या मंडळींचा वाटा मोठा आहे. पोस्टग्रेसवर उभ्या असलेल्या एंटरप्राइजडीबी या कंपनीचे पुण्यात मोठे कार्यालय आहे, डेव्ह पेजही त्याच कंपनीत होते, आणि पीजीॲडमिनमध्ये नियमित भर घालणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्याचे. नाशिक-पुणे रस्त्यावर चार-पाच तास काढणाऱ्या आपल्या मुलांना ‘तिकडे आयटीत’ नेमके काय करता, असे विचारले की सहसा परदेशी बँकेचे किंवा विमा कंपनीचे काम सांगितले जाते. जगभरात उघडपणे वापरले जाणारे, ज्याचा प्रत्येक शब्द कोणालाही वाचता येतो, असे साधन इतक्या जवळ घडते याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. एक रुखरुख मात्र आहे. पीजीॲडमिन ४ च्या पडद्यासाठी ज्या भाषा निवडता येतात त्यांच्या यादीत मी पाहिले तेव्हा जपानी होती, कोरियन होती, चेक होती, मराठी नव्हती. भाषांतराच्या फाइली उघड्याच असतात, कोणीही भरून पाठवू शकते. हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही, मराठीच्या शिक्षकाचे आहे.

चौथ्या आवृत्तीला सुरुवातीला बोलणीही पुष्कळ खावी लागली. तिसरी चपळ होती, ही मंद वाटे. वेब पानाला टेबलावरच्या प्रोग्रामचे रूप देण्यासाठी बाहेरून एक कवच लागते, आणि ते कवच वारंवार बदलले. आधी क्यूटीचे होते, २०१८ मध्ये ते काढून सरळ संगणकातलाच ब्राउझर उघडायचे ठरले, २०२१ मध्ये एनडब्ल्यूडॉटजेएस आले, आणि त्यानंतर इलेक्ट्रॉन. यातला प्रत्येक बदल विंडोज, मॅक आणि लिनक्सवाल्यांना फक्त नवी आवृत्ती म्हणून दिसतो. कमी वापराच्या सिस्टीमवाल्यांना मात्र प्रत्येक वेळी वाट पुन्हा शोधावी लागते, कारण इलेक्ट्रॉनच्या अधिकृत बांधण्या या तीनच सिस्टीमसाठी निघतात. फ्रीबीएसडीचे लोक आपली ठिगळे लावून तो वेगळा बांधतात, आणि मूळ पुढे सरकला की ठिगळे पुन्हा शिवतात.

अशीच एक गोष्ट २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. पायथनमध्ये क्रिप्टोग्राफी नावाचे एक ग्रंथालय आहे. पासवर्ड आणि गुप्त संभाषणासाठी असंख्य प्रोग्राम ते वापरतात, पीजीॲडमिन ४ सुद्धा. त्याच्या ३.४ या आवृत्तीत काही भाग रस्ट भाषेत लिहिला गेला. कारण योग्यच होते, स्मृतीच्या गैरवापरातून होणारे धोके रस्टमध्ये टळतात. पण रस्टचा अनुवादक ज्या जुन्या यंत्रांवर नव्हता, त्यांवर अवलंबून असलेली साधनांची अख्खी रांग एका रात्रीत बंद पडली. जेंटू लिनक्सचे लोक अल्फा, एचपीपीए अशा जातींची यंत्रे सांभाळत होते. त्यांनी जोरदार तक्रार केली. विकासकांचे म्हणणे होते की मूठभर संग्राह्य यंत्रांसाठी बाकी सगळ्यांची सुरक्षितता अडवून धरता येणार नाही. मला दोन्ही बाजू पटतात, पण शेवटी विकासकांचीच अधिक. ज्या यंत्रासाठी काम करायला माणूस नाही ते यंत्र चालू राहण्याचा हक्क सांगू शकत नाही. मात्र मग छोट्या संस्थेने विरळ सिस्टीम निवडताना ती निवड डोळे उघडे ठेवून करावी. लिनक्स घ्या, त्याच्यामागे गर्दी आहे. सी-डॅकने २००७ पासून दिलेली बॉस ही भारतीय सिस्टीमसुद्धा डेबियन लिनक्सवरच उभी आहे, ती डेबियनच्या गर्दीच्या आधारानेच. फ्रीबीएसडी घ्यायची तर तिच्यावर प्रेम करणारा एक तरी माणूस गावात हवा.

अजून एक वाट आहे आणि ती सर्वांत सोपी. पीजीॲडमिन ४ मुळात वेब प्रोग्राम असल्यामुळे ते एका सर्व्हरवर बसवून बाकीच्या कोणत्याही यंत्रावरून ब्राउझरमध्ये उघडता येते. मग त्या यंत्रावर कोणती सिस्टीम आहे याला महत्त्व उरत नाही. ब्राउझर चालला की झाले. खिडकी पोर्ट करण्याऐवजी खिडकीकडे जाणे, असे याला म्हणता येईल.

अक्षरे

आता मराठीकडे. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी इंग्रजी यादीलाही येतात. आपल्या यादीला त्यांखेरीज तीन आणखी येतात.

पहिली जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे श्री-लिपी, सी-डॅक यांच्या आणि इतर अनेक फॉन्टमध्ये टंकन होई. या फॉन्टमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. म्हणजे डेटाबेसच्या लेखी ते मराठी नव्हतेच. अर्थ नसलेली रोमन अक्षरे होती, फॉन्टच्या चष्म्यातून मराठी दिसणारी. असा डेटाबेस नव्या सिस्टीमवर नेला आणि तो फॉन्ट तिथे नसला की पडद्यावर गाळ दिसतो. नोंदी बिघडलेल्या नसतात, फक्त चष्मा हरवलेला असतो. पण त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर प्रत्येक फॉन्टच्या स्वतंत्र कोष्टकानेच करावे लागते, आणि एकाच यादीत दोन फॉन्ट मिसळलेले असले तर हाताने.

दुसरी अडचण अक्षरे जोडण्याची. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. पडद्यावर वेलांटी आधी दाखवायची असते. हे काम खिडकीला करवून घ्यावे लागते. विंडोज २००० पासून युनिस्क्राइब हा भाग ते करी. लिनक्सकडे जीटीकेच्या २००२ मधल्या दुसऱ्या पिढीत पँगो आले तेव्हा देवनागरी नीट जुळू लागली. पीजीॲडमिन ३ नेमके त्यानंतर आले, हे आपले सुदैव. आज ही अडचण जवळजवळ संपली आहे.

तिसरी अडचण संपलेली नाही, आणि तिचा बंदोबस्त कोणत्याही खिडकीकडे नाही. एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘दऱ्या’ मधला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: टिंबाचा ऱ आणि हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह यांनी. ‘ॲ’ ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोड ५.१ पासून, त्याआधी तो अ, न दिसणारे जोडचिन्ह आणि चंद्र असा लिहावा लागे, आणि काही कळपाट अजूनही तसाच लिहितात. डोळ्यांना फरक दिसत नाही. शोधणाऱ्या यंत्रणेला मात्र ते दोन वेगळे शब्द. विंडोजवरच्या एका कळपाटाने भरलेली यादी लिनक्सवरच्या दुसऱ्या कळपाटाने शोधली, की ‘गोऱ्हे’ आडनावाचा सभासद सापडत नाही. यावर उपाय एकच: हलवताना संपूर्ण यादी एका रीतीवर आणणे, आणि पुढे भरतानाही तसाच नियम डेटाबेसमध्येच घालणे.

क्रम

आणि आता त्या नामावळीच्या रीतीकडे. डेटाबेस लाखभर नोंदी पहिल्यापासून वाचत बसत नाही. तो क्रमाने लावलेला इंडेक्स ठेवतो आणि शब्दकोशात पाहतो तसे मधोमध उघडून डावीकडे की उजवीकडे हे ठरवत जातो. म्हणजे शोध बरोबर येणे हे संपूर्णपणे ‘कोणते आधी, कोणते नंतर’ यावर अवलंबून आहे. आणि हा निर्णय पोस्टग्रेस पूर्वापार स्वतः घेत नव्हता, ऑपरेटिंग सिस्टीमला विचारत होता.

प्रत्येक सिस्टीमचे उत्तर वेगळे असते. विंडोजचे आपले कोष्टक. लिनक्सचे ग्लिबसी या ग्रंथालयातले. फ्रीबीएसडीला युनिकोडचा नीट क्रम लावता येऊ लागला तो ११ व्या आवृत्तीत, २०१६ मध्ये. मॅक तर पुष्कळ वर्षे नुसता बाइटचाच क्रम देत आला. एवढेच नाही, एकाच सिस्टीमच्या दोन आवृत्त्यांतही उत्तर बदलू शकते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आले. त्यात क्रमाचे कोष्टक आंतरराष्ट्रीय मानकाशी नव्याने जुळवले गेले. त्याचे एक साधे उदाहरण पोस्टग्रेसवाले नेहमी देतात: आधी ‘११’ हे ‘१-१’ च्या अलीकडे येई, नंतर ‘१-१’ हे ‘११’ च्या अलीकडे येऊ लागले. (इंग्रजी अंकांतली ही गोष्ट.) जगभरचे असंख्य इंडेक्स एका अद्ययावतीकरणात, एकही त्रुटी न दाखवता, चुकीचे झाले.

हे पुस्तकी नाही. नाशिकमधल्या एका वाचनालयात पुस्तकांचे दाखल क्रमांक कपाट आणि ओळ असे, मध्ये आडवी रेघ देऊन लिहीत. यंत्र बदलताना काम घेतलेल्या माणसाने डेटाबेसचे फोल्डर जसेच्या तसे जुन्या लिनक्सवरून नव्यावर नेले. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच होती, त्यामुळे सगळे सुरू झाले. खिडकीत यादी सरकवत नेली की पुस्तक दिसे. क्रमांक टाकून शोधले की सापडत नसे. सगळीच नाहीत, काहीच. लेखनिक बाईंनी शहाणपणाने वागून, जे सापडत नव्हते ते हरवलेले समजून पुन्हा भरले. एक क्रमांक दोनदा भरता येऊ नये म्हणून डेटाबेसमध्ये अट होती. पण ती अट तपासायची तर तोच बिघडलेला इंडेक्स पाहायचा! त्याने सांगितले, असा क्रमांक नाही, भरा. मला बोलावले तोपर्यंत एका पुस्तकाच्या दोन नोंदी, आणि एका नोंदीवर पुस्तक सभासदाकडे गेलेले, दुसरीवर कपाटात, असे बरेच झाले होते. पुस्तकांच्या जागी ठेवींच्या पावत्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार पतसंस्थांनी करावा.

दुरुस्ती ठरलेली आहे. इंडेक्स नव्याने बांधायचा. पीजीॲडमिनमध्ये तक्त्यावर उजवी कळ दाबून देखभालीच्या चौकटीत ही आज्ञा मिळते. पण दुहेरी नोंदी असतील तर एकमेवतेची अट असलेला इंडेक्स बांधलाच जात नाही, म्हणून आधी त्या शोधून एकत्र कराव्या लागतात, आणि कोणती खरी हे यंत्राला कळत नाही. आम्ही कपाटापाशी उभे राहून पाहिले.

हे टाळण्याचा मार्ग सोपा होता. फोल्डर उचलून न्यायचे नाही. पीजीडंप या साधनाने सगळ्या नोंदी मजकुरात उतरवून घ्यायच्या आणि नव्या यंत्रावर त्या पुन्हा भरायच्या. मग इंडेक्स त्याच घराच्या रीतीने नव्याने बांधला जातो. वेळ जास्त लागतो म्हणून लोक हे टाळतात. १५ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस संपूर्ण डेटाबेसच्या क्रम-कोष्टकाची आवृत्ती लक्षात ठेवतो आणि ती बदललेली दिसली की इशारा देतो. पण तो इशारा आज्ञा टंकणाऱ्याला किंवा सर्व्हरच्या नोंदवहीत दिसतो, आणि छोट्या संस्थेत ती वही कोणी उघडत नाही.

याहून पक्का मार्ग म्हणजे क्रमाचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातून काढून घेणे. २०१७ मधल्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसला आयसीयू या स्वतंत्र ग्रंथालयाचा क्रम वापरता येतो. आयसीयू सगळ्या सिस्टीमवर मिळते, त्यामुळे यादी विंडोजवर असो, लिनक्सवर असो की फ्रीबीएसडीवर, आयसीयूची आवृत्ती तीच असेल तर क्रम तोच. त्याच्या आवृत्तीवर नजर ठेवावी लागते, पण निदान नजर कुठे ठेवायची हे माहीत असते.

आणि २०२३ मधल्या १६ व्या आवृत्तीने एक सोय दिली जी मराठीसाठी खास मोलाची आहे. युनिकोडमध्ये ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आहे, आणि क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही, क, हलन्त आणि ष आहे. त्यामुळे नुसत्या संकेतांकाच्या क्रमाने लावले तर कल, कळ, कस, क्षमा, ज्ञान, हळद असा क्रम येतो. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. त्याप्रमाणे हवा कल, कस, कळ, हळद, क्षमा, ज्ञान. आता पोस्टग्रेसमध्ये आयसीयूवर आधारलेला आपला क्रम तयार करताना नियम स्वतः लिहिता येतो: आधी ‘&ह’, मग लहानतेचे चिन्ह आणि ळ, पुन्हा चिन्ह आणि क्ष, पुन्हा चिन्ह आणि ज्ञ. ‘&ह < ळ < क्ष < ज्ञ’, एवढी एक ओळ. ज्यांना क्ष हा क मध्येच हवा, आणि तसे मानणारेही आहेत, त्यांनी ओळ ळ पाशी थांबवावी. वाचनालयाच्या नव्या यंत्रावर मी लेखकांच्या नावांच्या रकान्याला हा नियम लावला आहे. क्षीरसागर आता हिरेमठांच्या पुढे दिसतात, आणि लेखनिक बाई त्यांना तिथेच शोधतात.